चुलीतला कोळसा आणि वहीतली सरासरी

मी बदलापूरजवळच्या सोनिवलीहून आले आहे. बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. केलं, म्हणून रेडिओच्या ताईंनी मला इतिहासावरच बोलायला सांगितलं. आज मी राजाराणीची गोष्ट सांगणार नाही. चुलीतल्या कोळशाची सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण त्या चुकीमुळेच मी या गोष्टीच्या मागे लागले.

आमच्या एका गटात एका ताईने शिलाई मशीनसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. नवरा वारलेला, दोन मुलं, रोजावरची कमाई. मी जुनी वही काढली आणि तिच्यासारख्या परिस्थितीतल्या बायकांची मागची कर्जं बघितली. बऱ्याच जणींचे हप्ते थकलेले होते. मी गटाला म्हटलं, "वहीच सांगते, हे कर्ज अडकणार." गटाने माझं ऐकलं. उठताना ती ताई एवढंच म्हणाली, "वहीत माझं कर्ज अजून आलंच नाही, ताई. मग माझं आधीच कसं ठरलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढचं सगळं आधीच ठरलेलं असतं का, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे म्हणतात, बाळाच्या सटीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. युरोपातले विद्वान वेगळ्या शब्दांत तसंच काही म्हणत होते. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मध्ये असं मांडलं की, जगातला प्रत्येक कण आत्ता कुठे आहे आणि त्याच्यावर कुठला जोर लागतोय, हे एखाद्या बुद्धीला पूर्ण कळलं, तर मागचं आणि पुढचं सगळं तिला समोर मांडल्यासारखं दिसेल. म्हणजे योगायोग असं काही नसतंच. आपल्याला माहिती कमी पडते, म्हणून आपण त्याला योगायोग म्हणतो.

तसं वाटायला कारणही होतं. ग्रहण पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं आणि ते बरोबर त्याच वेळेला लागतं. चंद्र-सूर्याचं गणित इतकं पक्कं, तर माणसाचं का नसावं?

आता एक खेळ सांगते. आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही तो खेळलो. पेटीतली एक रुपयाची शंभर नाणी काढली. एका नाण्याला हळदीचं बोट लावलं. सगळी नाणी परातीत हलवून चटईवर ओतली. ज्यांचा छापा वर आला ती बाजूला काढली. उरली त्रेपन्न. ती परत ओतली, उरली सव्वीस. मग चौदा, मग सहा. दर वेळी साधारण निम्मी. बायकांनी आधीच ओळखलं होतं की पुढच्या फेरीला किती उरणार. एक-दोन, फार तर तीन नाण्यांचा फरक पडला, तेवढाच.

मग मी विचारलं, "हळदीचं नाणं कितव्या फेरीला जाईल?" प्रत्येकीने वेगळं सांगितलं. ते पहिल्याच फेरीला गेलं. खेळ परत मांडला, तेव्हा तेच नाणं सहाव्या फेरीपर्यंत टिकलं. शंभरांचं आम्हाला सांगता आलं. एकाचं कोणालाच सांगता आलं नाही.

नाण्यांवरून मला एका मोठ्या माणसाची आठवण होते. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ मध्ये जन्मले. गणितातले मोठे, आणि इतिहासातलेही. राहायचे पुण्यात आणि नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. आपल्या बदलापूर, अंबरनाथ स्टेशनांवर न थांबता धडधडत जाणारी तीच गाडी. आपल्या आज्या-पणज्या फाटकाशी भाजीची पाटी घेऊन उभ्या असतील, तेव्हा त्यांच्या समोरून हा माणूस कित्येकदा गेला असेल.

कोसंबींनी काय केलं? दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची चांदीची नाणी त्यांनी नाजूक तराजूवर एकेक करून तोलली. त्यांना आहत नाणी म्हणतात, कारण चांदीच्या तुकड्यावर ठोकून खुणा उमटवलेल्या असतात. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे कळायचं कसं? कोसंबींनी आपल्या रोजच्या वापरातली नाणीसुद्धा हजारोंनी तोलली आणि एक गोष्ट पक्की केली. नाणं हातोहाती फिरताना झिजतं. एखादं जास्त झिजतं, एखादं गाडग्यात पडून राहिल्याने कोरं राहतं. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. पण एकाच प्रकारची पुष्कळ नाणी घेतली, तर त्यांचं सरासरी वजन वापराच्या वर्षांबरोबर नेमाने उतरत जातं. एका जागी सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात ज्या खुणांची नाणी सरासरीने जास्त झिजलेली, ती आधीची. अशी त्यांनी मूक नाण्यांकडून काळाची क्रमवारी वदवून घेतली.

इथे लाप्लास म्हणाला असता, "नाणं पडताना बोटाचा जोर, परातीचा कोन, हवा, सगळं मोजा. मग हळदीचं नाणंही सांगता येईल." नाण्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. नाण्यामागे कारण असतं, आपण ते मोजत नाही एवढंच.

पण विसाव्या शतकात त्याच्याही खालची पायरी सापडली आणि तिथे मात्र हे म्हणणं अडलं.

सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या असतात. अणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक कण. काही जातींचे अणू आपोआप फुटतात आणि बदलून दुसऱ्या जातीचे होतात. मेरी क्युरी या बाईंनी १८९८ मध्ये या गुणाला नाव दिलं, ते मराठीत आपण किरणोत्सार म्हणतो. पुढे १९०२ मध्ये रदरफोर्ड आणि सॉडी या दोघांनी त्याचा नियम मांडला. अशा अणूंचा ढीग घेतला, तर ठरावीक काळात त्यातले निम्मे बदलतात. तेवढ्याच काळात उरलेल्यातले निम्मे. अगदी आमच्या परातीतल्या नाण्यांसारखं.

मग प्रश्न आला, कुठला अणू आधी फुटणार? शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. अणू तापवून पाहिले, थंड करून पाहिले, दाबून पाहिले, तरी त्यांच्या फुटण्यात बदल दिसला नाही. आणखी नवल म्हणजे हे अणू म्हातारे होत नाहीत. दहा हजार वर्षं टिकलेल्या अणूला आज फुटण्याची जेवढी शक्यता, तेवढीच काल तयार झालेल्या अणूला. दोघांत कसलाच फरक नाही.

१९२५-२६ मध्ये अणूंचं नवं शास्त्र उभं राहिलं. त्याला क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात, मराठी पुस्तकांत पुंजयामिकी. त्यातलं गणित नक्की काय सांगतं, हे जर्मनीतल्या माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये मांडलं. ते गणित फक्त शक्यता सांगतं. अमुक होईलच असं सांगत नाही, होण्याची शक्यता किती ते सांगतं. आणि हे आपल्या अज्ञानामुळे नाही, निसर्गच तळाशी असा आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञांनी पुढे मानलं. आइन्स्टाइनना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तळाशी जर असा बेभरवसा, तर वर ग्रहण वेळेवर कसं लागतं? वरवंटा ठेवला तिथेच कसा राहतो? इथे आपला कोळसा कामी येतो.

आकाशात उंचावर, बाहेरून येणाऱ्या किरणांमुळे हवेत एक खास जातीचा कार्बन तयार होत राहतो. त्याला कार्बन-१४ म्हणतात. साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे त्याचा एखादाच अणू असतो. झाड हवा घेतं, तेव्हा हा कार्बनही त्याच्या अंगात जातो. झाड तोडलं की नवीन येणं बंद. आधीचा मात्र फुटत राहतो. ५७३० वर्षांत निम्मा होतो. म्हणजे चुलीत अर्धवट जळून मातीखाली गेलेला लाकडाचा कोळसा हे एक घड्याळच झालं. अमेरिकेतल्या विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये हे घड्याळ वाचून दाखवलं आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या मुंबईतही हे काम झालं, कोसंबी जिथे नोकरीला होते त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभांनी ती १९४५ मध्ये उभी केली. तिथल्या प्रयोगशाळेने देशभरातल्या उत्खननांतल्या कोळशाची वयं काढली. १९६३ मध्ये त्यांची पहिली यादी छापली गेली. ती करणाऱ्यांत एका बाईचं नाव आहे, शीला कुसुमगर. मला ते नाव वाचून फार बरं वाटलं. आपण चुलीतला कोळसा उकिरड्यावर टाकतो, आणि एका बाईने तोच तपासून देशाच्या इतिहासाची सालं लावायला हातभार लावला.

आता बघा, ही मोजणी कशी होते. ताज्या लाकडातला एक ग्रॅम कार्बन घेतला, तर त्यात कार्बन-१४ चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात. त्यातले एका मिनिटात फुटतात किती? साधारण चौदा. कुठले चौदा, ते कुणीच सांगू शकत नाही. कधी अकरा फुटतील, कधी सतरा. तीन हजार वर्षं जुना कोळसा असेल, तर मिनिटाला साडेनऊच्या आसपास. आता एकाच मिनिटाची मोजणी करून वय सांगायचं म्हटलं, तर हजारो वर्षांची चूक होईल. म्हणून यंत्र तासन् तास मोजत बसतं. शंभर फुटणं मोजली, तर साधारण दहा इकडेतिकडे, म्हणजे शंभराला दहाची चूक. दहा हजार मोजली, तर साधारण शंभर इकडेतिकडे, म्हणजे शंभराला एकाची. तेवढ्याने वयात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचाच फरक पडतो. एकेक फुटणं बेभरवशाचंच राहतं. मोजणी वाढत जाते तशी एकूण आकड्याला स्थिरता येते. हवेतलं या कार्बनचं प्रमाण सगळ्या शतकांत अगदी सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या खोडातली वर्षावर्षाची वलयं मोजून वयात दुरुस्तीही करतात.

या घड्याळाने आपल्याला काय दिलं? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदकाम केलं. शेती करणाऱ्या माणसांचं एक अख्खं गाव मातीखाली निघालं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत ते नांदत होतं. लिहिलेलं एक अक्षर नाही. पण चुली होत्या, जव होते, रंगवलेली मडकी होती. वारलेली लहान मुलं दोन मडक्यांच्या तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, आणि ती पुरलेली घराच्याच जमिनीखाली. त्या आयांना आपलं लेकरू घराबाहेर ठेववलं नसेल, असं माझ्या मनात येतं.

या गावात मोठी चौकोनी घरं होती. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ती जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसपाणी कमी झालं, शेती खालावली, असं अभ्यासक सांगतात. हा बदल कधी झाला, हे आपण सांगू शकतो ते कोळशामुळे. आपल्यासारख्याच शेतकरी बायकांचं गाव इतिहासात सालासकट बसलं, ते मर्जीप्रमाणे फुटणाऱ्या अणूंच्या जोरावर.

म्हणजे वरचा नेम तळाच्या बेभरवशातून येतो. एहरेनफेस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये गणिताने दाखवलं की, कणाच्या हालचालीची सरासरी घेतली की त्या सरासरीला बहुतेक वेळा आपल्या शाळेतल्या न्यूटनचेच नियम लागू पडतात. वरवंट्यात अगणित अणू आहेत, त्यामुळे एकेकाची चुळबुळ एकूणात जाणवतही नाही.

अजून एक गोष्ट आहे. एकटा बारीक कण एकाच वेळी दोन वाटांनी गेल्यासारखा वागू शकतो. वरवंटा का नाही वागत? कारण तो एकटा कधीच नसतो. हवा त्याला धडकते, उजेड त्याच्यावर पडून पुढे जातो, आणि तो कुठे आहे याची खबर चहूकडे पसरते. गावात चौघींनी बघितलेली गोष्ट जशी लपत नाही, तसं. जर्मनीतल्या झे यांनी १९७० मध्ये आणि झुरेक यांनी १९८० नंतरच्या वर्षांत हे नीट मांडलं. अनेक शक्यतांमधली एकच का प्रत्यक्षात उतरते, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण मोठ्या वस्तू ठाम का दिसतात, याचं बरंचसं उत्तर यात मिळतं.

आता परत माझ्या चुकीकडे येते.

काही जणी म्हणतील, अणू मोकळे आहेत, म्हणजे आपणही मोकळ्या. तसं मी म्हणणार नाही. अणूच्या फुटण्यावरून माणसाच्या इच्छेबद्दल काही सिद्ध होत नाही. मला त्यातून एवढंच कळलं की शंभरांचा नियम शंभरांपुरता असतो. गटाने गंगाजळी किती ठेवावी, वर्षाला किती हप्ते मागे पडतील, हे ठरवायला वहीतली सरासरी चांगली. ती वापरलीच पाहिजे. पण समोर बसलेल्या एका बाईबद्दल ती काहीच ठरवत नाही. मी हळदीच्या नाण्याला म्हणत होते, "तू पुढच्या फेरीला जाणारच."

आणि माझी चूक त्याहून मोठी होती. अणू सगळे सारखे असतात. अमुक अणू आजच का फुटला, याचं कारण कुणाला सापडलेलं नाही, आणि अणूला विचारताही येत नाही. बाईला विचारता येतं. मी विचारलंच नव्हतं.

नंतर मी तीच वही पुन्हा उघडली आणि थकलेले हप्ते महिन्याप्रमाणे लावले. बहुतेक जून-जुलैचे निघाले. शाळा उघडण्याचा खर्च त्याच वेळी, आणि पावसामुळे रोजाची कामं बंद. म्हणजे बायका बुडवणाऱ्या नव्हत्या, आमच्या हप्त्यांच्या तारखा चुकीच्या होत्या. मी ज्याला त्यांचं नशीब समजत होते, ते आम्हीच कागदावर लिहिलेलं होतं.

मी त्या ताईच्या घरी गेले. तोपर्यंत तिने बाहेरून जास्त व्याजाने पैसे उचलून मशीन घेतलं होतं. मी माफी मागितली. तिने चहा दिला आणि म्हणाली, "जूनमध्ये गणवेश शिवायला येतात, ताई. माझी कमाई तेव्हाच होते. हे तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं." ते जादा व्याज तिने स्वतः फेडलं. ते मला परत देता येणार नाही.

आता आमच्या गटात कर्जाचा अर्ज आला की वही उघडण्याआधी तीन गोष्टी विचारतो. पैसा कुठल्या महिन्यात हातात येतो? कुठल्या महिन्यात तंगी असते? अडचण आली तर आधी कुणाला सांगशील? मग हप्ते त्याप्रमाणे लावतो. वही असतेच शेजारी, पण ती दुसऱ्यांदा बोलते.

तुमच्याही पुढच्या बैठकीत शंभर नाणी आणि हळदीचं एक बोट घेऊन हा खेळ खेळून बघा. मग "त्या घरातल्या मुली शिकत नाहीत" किंवा "तसल्या बायकांची कर्जं बुडतात" असं कुणी म्हणालं, तर त्या हळदीच्या नाण्याची आठवण करून द्या. आणि ज्या मुलीबद्दल, ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय, तिला आत बोलवून आधी विचारा.